सौना घरात येण्यापूर्वी

गेल्या काही वर्षांत मला येणाऱ्या फोनमध्ये एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘‘घरात सौना बसवायचा ठरवलाय. कॅटलॉग पाठवतो, त्यातला कुठला घेऊ ते सांगा.’’ माझं सगळं आयुष्य बांधकामात गेलं. ओल, गळती, तडे हा माझा विषय. सौना विकणं हा काही माझा धंदा नव्हे. त्यामुळे कॅटलॉग न उघडताच मी उलट विचारतो, ‘‘तुमच्या बाथरूमच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं?’’ समोरचा गृहस्थ क्षणभर गप्प होतो. काही जण फोन ठेवूनही देतात. पण श्रोतेहो, हा प्रश्न मी गमतीने विचारत नाही. तो विचारायला मी कसा शिकलो, ते आज सांगणार आहे. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे हॉटेलांच्या आणि जिमच्या पाट्यांवर ‘सोना बाथ’ असं लिहिलेलं असतं. सोन्याशी त्याचा काही संबंध नाही. शब्द फिनलंडचा आहे आणि तिथली माणसं तो ‘सौना’ असा, आपल्या ‘सौ’सारखा स्पष्ट उच्चारतात. म्हणजे इंग्रजीपेक्षा आपली देवनागरीच या शब्दाला जास्त न्याय देते! फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि सौना मात्र ३० लाखांच्या वर. घरोघरी न्हाणीघराला लागून एक लाकडी खोली असते, अगदी फ्लॅटमध्येसुद्धा. २०२० मध्ये युनेस्कोने या सौना-संस्कृतीचा जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

दुसरा घोळ वस्तूचा. ‘स्टीम’ म्हणजे सौना नव्हे. स्टीमच्या खोलीत तापमान ४०-४५ अंशांच्या आसपास असतं आणि हवा वाफेने गच्च भरलेली असते. ती खोली आतून संपूर्ण टाइल्सची असते. आयुर्वेदातल्या स्वेदनाच्या पेटीशी नातं सांगायचंच तर ते स्टीमचं. ‘इन्फ्रारेड केबिन’ म्हणून जी लाकडी कपाटासारखी वस्तू मिळते, ती हवा फारशी तापवत नाही, किरणांनी थेट अंग तापवते. तिला पाणी लागत नाही आणि वीजही तुलनेने कमी लागते. खरा सौना म्हणजे ८० ते १०० अंश तापलेली हवा, शेगडीवर रचलेले तापलेले दगड आणि त्या दगडांवर मधूनमधून ओतलेलं ओगराळंभर पाणी. ते ओतलं की जी गरम झुळूक अंगावर येते तिला फिनिश भाषेत ‘ल्योल्यु’ म्हणतात. सौनाचा सगळा जीव त्या झुळुकीत आहे. आणि घराला जो त्रास होतो, तोही तिच्यामुळेच.

आता माझी चूक. माझा एक कॉलेजपासूनचा मित्र पुण्यात एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याची मुलगी नोकरीनिमित्त फिनलंडमध्ये, हेलसिंकीशेजारच्या एस्पो शहरात स्थायिक झाली. मित्र आणि वहिनी तिच्याकडे दोन हिवाळे राहून आले. बाहेर उणे १५ अंश आणि घरात सौना. मित्राची पाठ कित्येक वर्षं दुखायची, तिला तिथे आराम पडला. परत आल्यावर त्याच्या मनाने घेतलं, की आपल्याकडेही सौना हवा. बेडरूमला लागून सामानाची एक छोटी खोली होती, ती त्याने रिकामी केली. ठेकेदार ठरवला आणि मला बोलावून म्हणाला, ‘‘तू इंजिनिअर आहेस, एकदा बघून जा.’’

मी गेलो. शेगडी, दगड, लाकूड आणि चार माणसं, सगळं मिळून स्लॅबवर किती भार येईल याचा हिशोब केला. भार अगदी मर्यादेत होता. ठेकेदार म्हणाला, ‘‘साहेब, ही कोरडी उष्णता असते, पाण्याचा प्रश्नच नाही.’’ मला ते पटलं. मी वजन बघितलं, वाफ बघितली नाही. २०१३च्या दिवाळीत सौना सुरू झाला. उद्घाटनाला मीही बसलो होतो, छान वाटलं होतं.

दुसरा पावसाळा संपता संपता खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. त्या खोलीच्या बरोबर खाली त्यांचं देवघर. आजी वहिनींना म्हणाल्या, ‘‘अहो, वरती तुमचं काय गळतंय? माझ्या देवांवर पोपडे पडताहेत.’’ आधी प्लंबर आला, त्याने सगळे नळ तपासले, काही सापडलं नाही. सापडणारच नव्हतं, कारण तिथे नळ नव्हताच. शेवटी सौनाच्या खालच्या तीन फळ्या काढल्या. आतून जो वास आला तो मला अजून आठवतो. फळ्यांच्या पाठी काळ्या पडलेल्या, पट्ट्या कुजलेल्या, भिंतीचा गिलावा बोटाने निघत होता. स्लॅबचा तेवढा तुकडा खरवडल्यावर सळईवर गंज दिसला. समोर मित्र उभा होता. तो मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

सौनावर जेवढा खर्च झाला होता, त्याहून जास्त दुरुस्तीवर झाला. त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. पुढे त्याच मुलीच्या आग्रहाने एस्पोला जाणं झालं, तेव्हा योगायोगाने तिच्या बैठ्या रांगेतल्या घराचा सौना नव्याने करायला काढला होता. भिंती उघड्या होत्या. मी रोज तिथे खुर्ची टाकून बसायचो. तिथल्या सुताराला माझी गंमत वाटत असावी. पण फळ्या लावण्याआधी तो माणूस जितके दिवस काम करत होता, ते बघून माझे डोळे उघडले. फळ्या लावायला त्याला दोनच दिवस लागले. त्याआधीच्या तयारीला तीन आठवडे.

ही तयारी म्हणजे काय, ते आता पाहू.

थंड पाण्याचा तांब्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवला की त्याला बाहेरून घाम येतो. तांब्या गळत नसतो. हवेतली वाफ गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. सौनाच्या भिंतीत हेच घडतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, ४० अंशांच्या हवेत सुमारे ५० ग्रॅम. दगडांवर पाणी ओतल्यावर सौनातल्या हवेत घनमीटरमागे ५० ग्रॅम वाफ सहज होते. आतली हवा तापलेली असल्यामुळे ती तिला पेलते, आपल्याला ती कोरडीही वाटते. पण हीच हवा फळ्यांच्या फटीतून मागे शिरली आणि ३० अंशांच्या विटांच्या भिंतीला टेकली, की जास्तीची वाफ तिथेच पाणी होऊन उतरते. ठेकेदाराची ‘कोरडी उष्णता’ ती हीच. एका वेळी साधारण पाव लिटरपेक्षा थोडं कमी पाणी ओततात. तासाभरात दोन-तीन लिटर होतं. शिवाय बसणाऱ्यांचा घाम आणि आंघोळ करून ओल्या अंगाने आत येणं. आठवड्यातून तीनदा हे चाललं तर वर्षाला किती पाणी होईल, याचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणून वाफेला भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही, हे पहिलं काम. मूळ भिंतीवर आधी लाकडी पट्ट्यांची चौकट येते. चौकटीत उष्णतारोधक लोकर, म्हणजे रॉकवूल किंवा तत्सम खनिज लोकर, भिंतींना ५० ते १०० मिलिमीटर आणि छताला त्याहून थोडी सढळ हाताने, कारण उष्णता वर जाते. तिच्यावर, म्हणजे सौनाच्या बाजूने, अ‍ॅल्युमिनियमचा कागद, चकचकीत बाजू आत. हाच वाफेचा अडसर. त्याचा प्रत्येक जोड अ‍ॅल्युमिनियमच्याच चिकटपट्टीने बंद करायचा. वायर जिथून जाते तिथेही. फळ्या ठोकताना खिळ्यांची भोकं पडतात ती पट्टीवरच पडतील अशी पाहायची. या कागदावर पुन्हा पट्ट्या मारून निदान १० मिलिमीटरची पोकळी ठेवायची आणि मग १२ ते १६ मिलिमीटर जाडीच्या फळ्या. पोकळी कशाला? फळ्यांच्या पाठीला हवा लागून त्या वाळाव्यात म्हणून, आणि चकचकीत कागदाने उष्णता परत फेकावी म्हणून. कागद फळीला चिकटला तर ही दोन्ही कामं होत नाहीत. फळी जमिनीला टेकता कामा नये आणि छताशीही थोडी फट हवी, म्हणजे पोकळीतून हवा फिरते.

मित्राच्या घरी लोकरीच्या जागी थर्मोकोल निघालं. थर्मोकोल ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. छताजवळचं तर आक्रसून गेलं होतं. अडसर म्हणून साधं प्लास्टिक होतं, तेही थर्मोकोलच्या मागे, भिंतीच्या बाजूला! म्हणजे वाफ आधी आत शिरणार, गार प्लास्टिकवर पाणी होऊन उतरणार आणि खाली ओघळून फरशीच्या सांध्यात जाणार. छत्री उघडून ती रेनकोटच्या आत धरावी, त्यातला प्रकार.

आणखी एक बारकावा मी एस्पोला पाहिला. अ‍ॅल्युमिनियमच्या कागदावर थोडंफार पाणी जमतंच. ते घरंगळत खाली येतं. तिथल्या सुताराने जमिनीचं वॉटरप्रूफिंग भिंतीवर वीतभर वर चढवलं होतं आणि कागद त्याच्या पुढून खाली आणला होता, कौलावर कौल चढवावं तसा. म्हणजे ओघळ जमिनीवरच पडणार, मागे जाणार नाही. आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला हे लगेच समजेल, पण त्याला कोणी ते सांगतच नाही. कारण सौना ‘सुताराचं काम’ म्हणून दिलेला असतो.

जमिनीचं तर मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. सौना बेडरूमच्या कोपऱ्यात किंवा सामानाच्या खोलीत घालू नका. बाथरूममध्ये किंवा बाथरूमला लागून घाला. आपल्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बहुधा खाली घेतलेला असतो, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि कोबा असतो, पाणी जायला वाट असते. बाकीच्या खोल्यांत फरशीखाली यातलं काही नसतं. सौना झाल्यावर जमीन धुवावी लागते, बादली कलंडते, दगडांचा बारीक चुरा खाली पडतो. म्हणून खाली सिरॅमिक टाइल्स, गडद रंगाचे सांधे आणि जाळीकडे दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार. टाइल्स बसवण्याआधी कोब्यावर पाणी साठवून निदान दोन-तीन दिवस ठेवा आणि खाली जाऊन छत बघा. घाई झाली की हीच चाचणी सर्वांत आधी वगळली जाते. बाक बसवताना जमिनीत स्क्रू मारू देऊ नका. बाक भिंतीतल्या आधारावर पेलायचा असतो. हे आधार फळ्या लावण्याआधीच चौकटीत घालून ठेवावे लागतात. जाळी शक्यतो सौनाबाहेर, बाथरूमच्या बाजूला असावी. आत असली तर उष्णतेने तिच्या खालच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि ड्रेनेजचा वास थेट आत येतो. तुम्ही आरोग्यासाठी खोल श्वास घेत बसलेले असता, हे लक्षात घ्या.

सोसायटीची लेखी परवानगी घ्या. पुष्कळांना हा सरकारी छळ वाटतो. फिनलंडमध्ये तर सौना ही घरगुती गोष्ट, तरी इतर घरांवर परिणाम होऊ शकेल असं काम काढताना तिथल्या गृहनिर्माण कंपनीला आधी लेखी कळवावं लागतं. त्या मुलीच्या घरी तिथला तपासनीस येऊन ओलावा मोजून गेला होता.

आता हवा. आपल्याकडे सौना म्हणजे घट्ट बंद पेटी अशी समजूत आहे. ‘‘साहेब, मुंगीसुद्धा आत जाणार नाही,’’ असं एका ठेकेदाराने मला अभिमानाने सांगितलं होतं. मी त्याला विचारलं, मुंगी नाही तर नाही, बसणाऱ्याला हवा कुठून मिळणार? सौनातली हवा तासाला साधारण सहा वेळा बदलली पाहिजे. म्हणजे साडेसात घनमीटरच्या खोलीत तासाला ४५ घनमीटर ताजी हवा. ती आत येण्याचं भोक शेगडीजवळ असावं, म्हणजे आलेली हवा लगेच तापून वर जाते, पायांना गार लागत नाही. बाहेर जाण्याचं भोक शेगडीपासून जितकं लांब तितकं चांगलं, आणि ते जमिनीजवळ, बाकाच्या खाली. वर ठेवलं तर पैसे देऊन तापवलेली हवा सरळ बाहेर जाईल. बाहेरचं भोक आतल्यापेक्षा मोठं असावं. फिनलंडच्या फ्लॅटमध्ये पुष्कळदा दाराखाली सुमारे १० सेंटिमीटरची फट सोडून हवा बाथरूममध्ये आणि तिथून एक्झॉस्टने बाहेर काढतात. आपल्या बाथरूमला एक्झॉस्ट पंखा असतोच, त्याचाच उपयोग होतो. छताजवळ आणखी एक झाकणाचं भोक असतं, ते सौना चालू असताना बंद आणि नंतर वाळवण्यासाठी उघडं. पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरची हवाच ओली असते, त्यामुळे शेवटची माणसं बाहेर पडल्यावर शेगडी आणखी थोडा वेळ चालू ठेवून, भोकं उघडून खोली कोरडी करायची सवय लावून घ्यावी लागते.

छताची उंची हा आमच्या क्षेत्रातल्या लोकांनाही चकवणारा मुद्दा. आपल्या खोल्या साडेनऊ-दहा फूट उंच असतात. सौनाला २१० ते २३० सेंटिमीटर पुरे. उंच ठेवलात तर सगळी उष्णता डोक्यावर आणि पाय गारठलेले. फिनिश लोकांचा साधा नियम असा, की वरच्या बाकावर बसलेल्या माणसाचे पाय दगडांच्या पातळीला किंवा त्याहून वर असावेत. त्यासाठी वरचा बाक छतापासून ११०-१२० सेंटिमीटरवर येतो. मधलं छत खाली घेतलं, की त्याच्या आणि स्लॅबच्या मधल्या पोकळीलाही हवा खेळती ठेवावी लागते, नाहीतर तिथे न दिसणारी ओल साठते.

विजेचा हिशोब खोलीच्या आकारमानावरून होतो. ढोबळ मानाने दर घनमीटरला १ किलोवॅट. समजा खोली २ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच. झाले साडेसात घनमीटर. ६ ते ८ किलोवॅटच्या शेगडीत काम होतं. पण हल्ली चित्रं पाहून सगळ्यांना समोरची भिंत पूर्ण काचेची हवी असते. लोकर न घातलेल्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरला, मग ती काच असो, टाइल असो की दगड, १.२ घनमीटर जास्तीचे धरावे लागतात. काच साडेतीन चौरस मीटर असेल तर हिशोबात खोली जवळजवळ १२ घनमीटरची होते आणि शेगडी ९ किलोवॅट किंवा त्याहून मोठी लागते. काचेची हौस अशी दर महिन्याच्या बिलात दिसते.

८ किलोवॅट म्हणजे २ किलोवॅटचे चार गीझर एकाच वेळी चालू. सिंगल फेजवर हा जवळजवळ ३५ अँपिअरचा भार होतो. तेव्हा आधी आपल्या मीटरचा मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर बघा. बहुतेक घरांना तो वाढवून, थ्री फेज घ्यावं लागतं. हा अर्ज शेगडी यायच्या आधी करायचा. ती येऊन बॉक्समध्ये पडून राहिली, की ठेकेदार ‘तात्पुरती’ जोडणी करून देतो आणि ती तात्पुरती जोडणी वर्षानुवर्षं राहते. शेगडीची वायर उष्णता सोसणाऱ्या रबराची हवी; नेहमीच्या पीव्हीसी वायरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन तडकतं. आत सॉकेट नको, स्विच नको. दिवा उष्णतेला आणि वाफेला टिकणारा. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच, आणि त्याने अर्थिंग खरोखर तपासलेलं असावं. गळतीपासूनचं संरक्षण कसं जोडायचं, हे शेगडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका त्याच्या हातात द्या, अडगळीत टाकू नका. चालवायचा खर्च म्हणाल तर एका वेळेला साधारण आठ-नऊ युनिट.

लाकडाबद्दल लोक सर्वांत जास्त बोलतात, मी थोडंच बोलतो. हलकं, राळ नसलेलं, गाठी नसलेलं लाकूड. बाकासाठी तिथे अ‍ॅस्पेन वापरतात. हलकं लाकूड उष्णता हळू देतं, म्हणून ९० अंशांत त्याच्यावर बसता येतं. सागवान आपल्या मनात फार वरच्या जागी आहे, पण ते जड आणि तेलकट. बाकाला मी घेणार नाही. प्लायवूड आणि एमडीएफ तर अजिबात नको, त्यातला गोंद तापून नको ते वायू सोडतो. आतून पॉलिश किंवा व्हार्निश नको. खिळ्यांची डोकी वर राहिली तर बसणाऱ्याला चटका बसतो, म्हणून बाकाचे स्क्रू खालून मारायचे. दगड शेगडीबरोबर येतात तेच घ्या. नदीतून आणलेले गोटे तापून तडकू शकतात. बोअरचं खारं किंवा जड पाणी दगडांवर ओतू नका, शेगडी लवकर गंजते.

कोण बसणार आहे, याचाही विचार तयारीतच करायचा असतो. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि नुसत्या धक्क्याने उघडेल असं हवं. आत-बाहेर कुठेही कडी नको. चक्कर आलेला माणूस कडी शोधत नाही. घरात वयस्क असतील तर खालचा बाक रुंद करा आणि धरायला लाकडी दांडा द्या. माझ्या मित्राच्या वहिनींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना विचारून त्या खालच्याच बाकावर आणि थोडाच वेळ बसतात. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, छातीत दुखत असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत जाऊच नये, आणि दारू पिऊन तर कोणीच जाऊ नये. सौनाचे फायदे सांगणारे अभ्यास आहेत. २०१५ मध्ये पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांच्या सुमारे वीस वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, त्यात वारंवार सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. पण ती लहानपणापासून सवय असलेली माणसं होती, हे विसरू नका. आणि ज्या देशात सौना जन्मला, त्याच देशात २०१० मध्ये हेइनोला गावी ११० अंशांत जास्तीत जास्त वेळ बसण्याच्या स्पर्धेत एक स्पर्धक दगावला. ती स्पर्धा नंतर बंदच झाली.

एक धोका मात्र खास आपल्या घरांचा आहे असं मला वाटतं. हौस फिटली की सौनात सामान जातं. एका बंगल्यात मी दार उघडलं तर बाकावर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, गाद्या आणि गेल्या वर्षीचं गणपतीचं थर्मोकोलचं मखर. मखराचा एक कोपरा शेगडीच्या दगडांवर टेकलेला. बटण बाहेर, नातवाच्या हाताला येईल अशा उंचीवर. कोणी खेळता खेळता ते दाबलं असतं तर? फिनलंडमध्येही सौनाला लागणाऱ्या आगींत कपडे वाळत घालणं आणि सामान ठेवणं ही नेहमीची कारणं आहेत. वापर थांबवायचा असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, मुख्य पुरवठाच तोडून घ्या. नव्या शेगड्यांना ठराविक वेळाने बंद होणारा टायमर असतो. नसेल त्या शेगडीला घरात घेऊ नका.

माझ्या मित्राने सौना सोडला नाही. सामानाची खोली पुन्हा सामानाची झाली. मोठ्या बाथरूमचा टब काढून त्या जागेत, खाली घेतलेल्या स्लॅबवर, नवा सौना झाला. पहिल्यापेक्षा लहान, दोघांपुरता, काच फक्त दाराला. एस्पोला पाहिलेलं सगळं इथे करून घेताना सुताराशी माझी रोज वादावादी व्हायची. कोब्यावर तीन दिवस पाणी भरून ठेवलं होतं, तेव्हा आजींनी स्वतः खाली खुर्ची टाकून पहारा दिला. सर्वांत खालची फळी स्क्रूने काढता येईल अशी मुद्दाम ठेवली आहे.

दर पावसाळ्याच्या शेवटी मी त्या घरी जातो. आधी आजींकडे. त्या आता नव्वदीला आल्या आहेत. त्या चहा टाकतात, मी स्टुलावर चढून देवघरावरच्या छताला तळहात लावून बघतो. मग वर जाऊन ती फळी काढतो आणि मागे टॉर्च मारतो.